घाटावरचे बुलढाणा, घाटाखालचे खामगाव

बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला त्याचे गाव विचारले, तर तो गावाच्या नावाबरोबर बहुधा आणखी एक गोष्ट सांगतो. गाव घाटावरचे की घाटाखालचे, हे सांगितल्याशिवाय त्याचा पत्ता पुरा होत नाही. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. उत्तरेस पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या, खोल जमिनीचा सपाट प्रदेश आहे. जुन्या वऱ्हाडात त्यास पयानघाट म्हणत. दक्षिणेस पठार आहे, ते बालाघाट. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके सामान्यपणे घाटाखालचे मानले जातात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे घाटावरचे होत. एकूण तेरा तालुके आणि ९,६६१ चौरस किलोमीटर क्षेत्र असलेल्या या जिल्ह्याचा कारभार घाटाच्या अगदी माथ्यावर वसलेल्या बुलढाणा शहरातून चालतो; त्याची सर्वांत मोठी बाजारपेठ मात्र घाटाच्या पायथ्यापलीकडे, खामगावास आहे.

या दोन शहरांमधील अंतर रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर आहे. बोथ्याच्या जंगलातून उतरणारी गाडी दीड तासाच्या आत एका शहरातून दुसऱ्या शहरात पोहोचते. एवढ्या प्रवासात उंची निम्म्याहून अधिक कमी होते. बुलढाणा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवर आहे, तर खामगाव सुमारे तीनशे मीटरवर. मे महिन्यात हा फरक प्रवाशाच्या अंगाला जाणवतो. घाटाखाली पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना बुलढाण्याची संध्याकाळ सुसह्य असते. उंची आणि हवा यांच्यापासून सुरू होणारा हा फरक पुढे पाणी, पैसा, शिक्षण, रोजगार आणि कार्यालयीन कामकाज या सर्वांत उतरलेला दिसतो. जिल्ह्याच्या विकासाचा विचार करणाऱ्या कोणासही तो टाळता येण्याजोगा नाही.

एक शहर कचेरीने वाढविले, दुसरे कापसाने

बुलढाणा या नावाची व्युत्पत्ती ‘भिल्लठाणा’ अशी सांगितली जाते. १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली दिला. त्यानंतर थंड हवेच्या या लहानशा गावाकडे इंग्रज अधिकाऱ्यांचे लक्ष गेले. १८६४ मध्ये वऱ्हाडच्या नैर्ऋत्य भागाचा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. तो काही काळ मेहकर जिल्हा म्हणून ओळखला जाई. पुढे लवकरच मुख्यालय बुलढाण्यास आले आणि तेथेच स्थिरावले. थोडक्यात, हे शहर व्यापारी मार्गावर किंवा तीर्थक्षेत्राभोवती वाढलेले नाही. कचेरी आली, तिच्याबरोबर न्यायालय, तुरुंग, शाळा व दवाखाना आला, आणि त्यांच्या आधाराने वस्ती आली.

खामगावची कथा निराळी आहे. सुमारे १८२० च्या सुमारास काही व्यापाऱ्यांनी येथे दुकाने थाटली आणि तूप, सूत व कापूस यांचा व्यापार सुरू केला, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये सापडते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाचे भाव अभूतपूर्व चढले. त्या तेजीत खामगाव हे वऱ्हाडातील कापसाचे अग्रगण्य पेठेचे गाव बनले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य मार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला; पण तो खामगावच्या उत्तरेकडून, जलंब व शेगाव येथून गेला होता. तेव्हा जलंबपासून खामगावपर्यंत सुमारे आठ मैलांचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. एका तालुक्याच्या गावी केवळ कापसासाठी रेल्वे यावी, यावरून त्या काळातील या पेठेचे महत्त्व ध्यानात येते.

आणखी एक बाब आज अनेकांच्या विस्मरणात गेली आहे. १९०५ पूर्वी खामगाव हे बुलढाणा जिल्ह्यात नव्हतेच. खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोला जिल्ह्याचे भाग होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा ते बुलढाण्यास जोडण्यात आले. अर्थात कारभाराची सीमा बदलली म्हणून व्यापाराची दिशा बदलत नाही. खामगावचे अडते, सरकीचे व्यापारी आणि मोठ्या दुकानदारांचे व्यवहार पूर्वी अकोल्याशी जोडलेले होते आणि आजही बऱ्याच अंशी तसेच आहेत. गंभीर आजाराचा रुग्णही खामगावहून अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाकडे नेला जातो, तर बुलढाण्याचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरची वाट धरतो. शेजारची दोन शहरे, पण मोठ्या शहराकडे पाहताना त्यांची तोंडे दोन वेगवेगळ्या दिशांना वळलेली आहेत.

आकडे काय सांगतात

१९०१ च्या जनगणनेत बुलढाण्याची लोकसंख्या ४,१३७ होती आणि खामगावची १८,३४१. म्हणजे खामगाव बुलढाण्याच्या जवळजवळ साडेचार पट मोठे होते. २०११ च्या जनगणनेत, म्हणजे उपलब्ध असलेल्या शेवटच्या जनगणनेत, बुलढाण्याची लोकसंख्या ६७,४३१ आणि खामगावची ९४,१९१ भरली. एकशे दहा वर्षांत बुलढाणा सोळा पटींहून अधिक वाढले, तर खामगाव सुमारे पाच पटींनी. साडेचार पटींचे अंतर दीडपटीच्याही आत आले.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. स्वातंत्र्यानंतर शासनाचे काम महसूल व कायदा-सुव्यवस्थेपुरते राहिले नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या. शिक्षण, आरोग्य, कृषी, पशुसंवर्धन, समाजकल्याण, पाणीपुरवठा अशी एकेक खाती जिल्ह्याच्या ठिकाणी आली. प्रत्येक खात्याबरोबर कर्मचारी आले, त्यांची कुटुंबे आली, मुलांसाठी शाळा आल्या. जिल्ह्याच्या ठाण्याला मिळालेली ही वाढ कापसाच्या पेठेला मिळणे शक्य नव्हते. खामगावच्या वाट्याला त्याच काळात उलट अनुभव आला. कापसाचा व्यापार अकोला, अमरावती, अकोट अशा अनेक पेठांत वाटला गेला. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली, तेव्हा खासगी अडतीचे महत्त्व घटले. ती योजना मागे पडेपर्यंत शेतकऱ्यांचा ओढा सोयाबीनकडे वळू लागला होता. जुन्या जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांपैकी काहींमध्ये आज वसाहती व दुकाने उभी आहेत.

तरीही खामगाव मागे पडले असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. औद्योगिक वसाहतीत साबणाचा मोठा कारखाना आला, तेलगिरण्या व डाळगिरण्या चालू राहिल्या आणि हजिरा-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग शहराजवळून जात असल्यामुळे मालवाहतुकीचा व्यवसाय वाढला. चांदीच्या शुद्धतेबद्दल खामगावच्या सराफ्याचा लौकिक एवढा आहे की, शहरास ‘रजतनगरी’ हे नाव सर्रास दिले जाते. लग्नसराईत ताट-वाटी, समई, देवांच्या मूर्ती घेण्यासाठी घाटावरच्या गावांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून आणि त्याहूनही लांबून गिऱ्हाईक येते. बुलढाण्यातही सराफ आहेत. पण ‘चांदी खामगावची’ हे घराघरांत ठरलेले असते.

पगाराची तारीख आणि हंगामाचे दिवस

दोन्ही शहरांच्या बाजारपेठांचे निरीक्षण केले, तर पैशाच्या हालचालीतील एक मूलभूत भेद लक्षात येतो. बुलढाण्याचा बाजार महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो. शासकीय कर्मचारी, शिक्षक, बँक कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक हे येथील मुख्य ग्राहक होत. किराणा, कापड, घरबांधणी साहित्य, मुलांच्या शिकवण्या या सर्वांचा खर्च मासिक उत्पन्नाच्या मापाने चालतो. राज्य शासनाच्या कार्यालयांना २०२० च्या फेब्रुवारीअखेरपासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, त्याचा परिणाम चहाच्या हॉटेलांपासून झेरॉक्सच्या दुकानांपर्यंत सर्वांच्या शनिवारच्या गल्ल्यावर होणे साहजिकच होते. कचेरी बंद, तर अर्जदार नाही. अर्जदार नाही, तर दस्तलेखकही नाही.

खामगावात पैसा दसऱ्याच्या सुमारास वाहू लागतो. आधी सोयाबीन, मग कापूस, मग तूर व हरभरा असा क्रम लागतो. कृषि उत्पन्न बाजार समितीच्या आवारात पहाटेपासून गाड्या लागतात. हमाल, मापाडी, अडते, वाहनचालक, चहावाले, दोर-बारदाना विकणारे अशी एक संपूर्ण वस्तीच त्या चार-पाच महिन्यांवर जगते. वऱ्हाडातील बाजारांना कायद्याची चौकट फार लवकर मिळाली. १८९७ चा वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारविषयक कायदा हा देशातील या प्रकारच्या पहिल्या कायद्यांपैकी होय. मापात खोट नसावी आणि अडतीवर मर्यादा असावी, या त्या वेळच्या अपेक्षा आजही बाजार समितीच्या प्रत्येक बैठकीत निघतात.

दुष्काळ किंवा अतिवृष्टीच्या वर्षी या दोन अर्थव्यवस्थांचा फरक अधिक उघड होतो. पीक बुडाले तरी बुलढाण्यातील पगार थांबत नाहीत, म्हणून तेथील दुकानदारास झळ उशिरा व कमी लागते. खामगावात ती त्याच महिन्यात लागते. दिवाळीची कापडखरेदी आटते, ट्रॅक्टरचे हप्ते थकतात, हमालांच्या पाळ्या कमी होतात. याची दुसरी बाजूही आहे. चांगल्या हंगामात खामगावात एका आठवड्यात होणारी उलाढाल बुलढाण्याच्या बाजाराला कित्येक महिने गाठता येत नाही. स्थैर्य एकीकडे आणि उसळी दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. कोणत्याही शहराच्या नगरपरिषदेने करवसुलीचे वेळापत्रक आखताना तिची दखल घेणे शहाणपणाचे ठरेल. मार्चअखेरची वसुली मोहीम नोकरदार शहरास मानवते. हंगामी उत्पन्नाच्या शहरात डिसेंबर-जानेवारीत पोहोचलेले बिल अधिक लवकर भरले जाते.

सहकाराच्या क्षेत्रात मात्र कचेरीच्या या शहराने व्यापारी शहरास मागे टाकले आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेली बुलडाणा अर्बन ही सहकारी पतसंस्था आज देशातील सर्वांत मोठ्या पतसंस्थांमध्ये गणली जाते. तिच्या शाखा जिल्ह्याबाहेर व राज्याबाहेरही गेल्या आहेत आणि गोदामातील शेतमालावर तारण कर्ज देण्याचा व्यवहार तिने मोठ्या प्रमाणावर केला आहे. पगारदार व लहान ठेवीदारांच्या शहरात पतसंस्थेने मूळ धरावे, यात आश्चर्य नाही; ज्या शहरात पैसा सतत मालात गुंतलेला असतो, तेथे ठेवीची सवय तितकीशी रुजत नाही.

पाण्याची दोन खोरी

बुलढाणा शहर पाणलोटाच्या कण्यावर वसलेले आहे. शहराच्या एका बाजूस पडलेला पाऊस पैनगंगेला मिळून पुढे वर्धा, प्राणहिता व गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला जातो. दुसऱ्या बाजूस घाटाखाली उतरलेले पाणी पूर्णा व तापीमार्गे अरबी समुद्राला मिळते. पैनगंगेचा उगम बुलढाण्याच्या जवळच, अजिंठ्याच्या रांगेत आहे. शहरास पाणी पुरविणारे येळगाव धरण याच नदीवर बांधलेले आहे.

उगमाजवळची नदी ही लहान असते आणि तिचा पाणलोटही लहान असतो, ही गोष्ट शहराच्या पाणीपुरवठ्याची मर्यादा ठरली आहे. पाऊस चांगला झाला तर येळगाव लवकर भरते व सांडूही लागते. पाऊस ओढला तर ते भरून काढण्यास वरच्या बाजूला दुसरा जलाशयच नाही. मोठ्या नदीकाठच्या शहराला वरच्या धरणातून पाणी सोडण्याची मागणी करता येते. माथ्यावरच्या शहराला तसा आधार नाही. संगम तलावासारखे शहरातील जुने तलाव पूर्वी याच कारणासाठी जपले जात. त्यांच्या काठांवरील अतिक्रमण व सांडपाणी हा सुशोभीकरणाचा विषय समजला जातो; खरे तर तो पाणीसाठ्याचा विषय आहे.

खामगावचे पाणी गेरू माटरगाव येथील ज्ञानगंगा प्रकल्पाच्या जलाशयातून येते. ज्ञानगंगा नदी बुलढाण्याच्या पठारावरून, बोथ्याच्या जंगलातून खाली उतरते. म्हणजे घाटाखालच्या शहराच्या नळाला येणारे पाणी घाटावरच्या जंगलाने अडविलेले, मुरविलेले आणि हळूहळू सोडलेले असते. हा संबंध शालेय भूगोलात शिकविण्यासारखा आहे. परंतु खामगावातील किती विद्यार्थ्यांना तो ठाऊक असेल, याविषयी शंका वाटते. या जंगलाचा सुमारे २०५ चौरस किलोमीटरचा भाग १९९७ मध्ये ज्ञानगंगा अभयारण्य म्हणून घोषित झाला. २०१९ च्या अखेरीस यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ तेलंगणातून व मराठवाड्यातून तेराशे किलोमीटरहून अधिक भटकंती करून येथे येऊन थांबला, तेव्हा या अभयारण्याचे नाव देशभर झाले. वाघाच्या बातम्यांनी जेवढी जागा व्यापली, त्याच्या काही अंशाने जरी जागा तेथील पाणलोटाला मिळाली असती, तरी दोन्ही शहरांचा फायदा झाला असता.

बुलढाणा-खामगाव हा जवळचा रस्ता याच जंगलातून जातो. अभयारण्यातील रस्त्याच्या रुंदीकरणास वन्यजीवविषयक कायद्याखालील परवानग्या लागतात आणि वाहनांचा वेग व वर्दळ वाढली की वन्यप्राण्यांना धोका वाढतो. दुसरीकडे घाटाखालच्या तालुक्यांतील नागरिकांस जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यासाठी चांगला रस्ता हवा आहे. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. मलकापूर-मोताळ्याकडून राजूर घाटाने चढणारा दुसरा मार्ग आहेच. त्याचा दर्जा जितका उत्तम राहील, तितका जंगलातील मार्गावरचा भार हलका होईल.

घाटाखालील पाण्याचा विचार करताना खारपाणपट्ट्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. पूर्णेच्या दोन्ही तीरांवर, विशेषतः शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा या तालुक्यांतील अनेक गावांत भूजल खारे आहे. विहीर खोल केली की पाणी गोड होण्याऐवजी अधिक खारट लागते. या पट्ट्यातील ज्या कुटुंबांना शक्य आहे, ती मुलांच्या शिक्षणाच्या निमित्ताने खामगाव वा शेगावात राहावयास येतात. शाळेइतकेच गोड पाणी हेही त्याचे कारण असते. पूर्णेवरील जिगाव प्रकल्प पूर्ण होऊन त्याचे पाणी या भागात फिरेपर्यंत ही ओढ कमी होणार नाही.

हद्दीबाहेरचे शहर

२००१ ते २०११ या दशकात बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात बुलढाणा शहराची वाढ सुमारे ७ टक्के व खामगावची सुमारे ६ टक्के नोंदली गेली. शहरे जिल्ह्यापेक्षा निम्म्याहून कमी वेगाने वाढली, असा याचा वरकरणी अर्थ निघतो. प्रत्यक्षात वाढ झाली ती नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर. बुलढाण्यास लागून असलेली सागवान व सुंदरखेड, आणि खामगावास लागून असलेली सुटाळा बुद्रुक, घाटपुरी व वाडी ही गावे आज शहराहून वेगळी ओळखू येत नाहीत. रस्त्याच्या एका बाजूस नगरपरिषदेचा दिवा असतो आणि दुसऱ्या बाजूस ग्रामपंचायतीचा.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने या लेखातील हा सर्वांत महत्त्वाचा विषय होय. हद्दीलगतच्या गावात जमीन स्वस्त मिळते, कर कमी बसतो आणि बांधकामाची परवानगी सोपी जाते, या समजुतीने नोकरदार व व्यापारी वर्ग तेथे घरे बांधतो. घर शहरी असते. अपेक्षाही शहरी असतात. दररोज पाणी, बंद गटार, डांबरी रस्ता आणि घंटागाडी या सर्वांची मागणी होते. ग्रामपंचायतीजवळ मात्र घरपट्टी, पाणीपट्टी आणि शासकीय अनुदान एवढीच साधने असतात. त्यातही वित्त आयोगाचा निधी जनगणनेतील लोकसंख्येच्या आधारे वाटला जातो. २०११ मध्ये जे शेत होते, तेथे आज वसाहत असेल, तरी निधीच्या हिशेबात ती वसाहत अस्तित्वातच नसते. परिणामी सरपंच व ग्रामसेवक यांना जुन्या गावठाणाच्या उत्पन्नावर नव्या नगराचा संसार करावा लागतो.

यावर हद्दवाढ हा सरळ उपाय दिसतो. नगरपरिषदांविषयीच्या १९६५ च्या अधिनियमान्वये शासनास तसा अधिकार आहे. तथापि हद्दवाढीस विरोध बहुधा दोन्हींकडून होतो. जुन्या गावठाणातील शेतकऱ्यास शहरी कराची व ग्रामीण योजनांचा लाभ जाण्याची भीती असते. नगरपरिषदेस अविकसित वसाहतींचा खर्च नकोसा वाटतो. नव्या वसाहतीतील रहिवासी या दोघांच्या मध्ये सापडतो. हद्दवाढ होईपर्यंत करता येण्याजोगी कामे काही कमी नाहीत. नगरपरिषद आणि लगतच्या ग्रामपंचायती यांनी कचऱ्याची विल्हेवाट एकत्र करणे, मोठ्या नाल्यांची सफाई एकाच वेळी करणे, जलवाहिनीवरून घाऊक दराने पाणी देण्या-घेण्याचा करार करणे ही कामे सध्याच्या कायद्यात बसतात. घरपट्टीची फेरआकारणी हा अप्रिय विषय आहे. पण ज्या ग्रामपंचायतीने नव्या इमारतींची नोंद वेळेवर केली नाही, तिने अनुदान अपुरे असल्याची तक्रार करताना थोडा विचार करावा.

शाळा, उत्सव आणि शेजार

शिक्षणाच्या बाबतीत दोन्ही शहरे संपन्न आहेत, फक्त त्यांच्या संस्थांचा पिंड निराळा आहे. खामगावातील टिळक राष्ट्रीय विद्यालय हे राष्ट्रीय शिक्षणाच्या विचारातून उभे राहिले आणि तेथे चित्रकला व हस्तव्यवसाय यांना मानाचे स्थान मिळाले. गो. से. महाविद्यालय व शासकीय तंत्रनिकेतन यांनी घाटाखालच्या अनेक पिढ्या घडविल्या. व्यापाऱ्यांच्या देणग्यांवर उभ्या राहिलेल्या संस्था येथे अधिक आढळतात. बुलढाण्यात शासकीय शाळा, जिल्हा ग्रंथालय, जिजामाता महाविद्यालय आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका यांचे प्राबल्य आहे. अधिकाऱ्यांच्या सहवासात वाढलेल्या शहरातील मुलास अधिकारी होण्याचे स्वप्न पडावे, हे स्वाभाविक आहे. खामगावचा त्याच वयाचा मुलगा दुकानाच्या गादीवर बसून हिशेब शिकलेला असतो. २०२४ मध्ये बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याचे रुग्णालय पूर्ण क्षमतेने चालू लागले, तर घाटाखालचा रुग्ण अकोल्याऐवजी घाट चढून वर येईल काय, हे पाहण्यासारखे ठरेल. बसची सोय त्याचे उत्तर बव्हंशी ठरवील.

बुलढाण्यात माणसे बदलीने येतात व बदलीने जातात. शासकीय निवासस्थानांत कोल्हापूर, नांदेड, नाशिक अशा सर्व भागांची मराठी ऐकू येते. निवृत्तीनंतर हवेसाठी येथेच स्थायिक होणाऱ्यांची संख्याही लक्षणीय आहे. खामगावात वऱ्हाडी बोलीचा ठसा अधिक ठळक आहे. मारवाडी, गुजराती व उर्दू तिच्या शेजारी पिढ्यान् पिढ्या नांदत आल्या आहेत. बाजारातील माणूस एका सौद्यात तीन भाषा वापरतो आणि त्याला त्याचे काही वाटतही नाही. नवरात्र संपून सर्वत्र देवी विसर्जित झाल्या की खामगावात कोजागरी पौर्णिमेपासून मोठ्या देवीचा उत्सव सुरू होतो. बाहेरगावी नोकरीस गेलेले खामगावकर दिवाळीऐवजी या दिवसांत रजा काढून येतात.

कचेरीची वाट

संग्रामपूर तालुक्यातील टोकाच्या गावातून जिल्हाधिकारी कार्यालय ऐंशी ते शंभर किलोमीटर दूर पडते. सकाळची पहिली बस पकडून, खामगाव वा नांदुऱ्यास गाडी बदलून नागरिक बुलढाण्यास पोहोचतो तेव्हा दुपार झालेली असते. संबंधित अधिकारी दौऱ्यावर असल्यास मजुरी बुडालेला हा दिवस वायाच जातो. खामगाव जिल्हा व्हावा ही जुनी मागणी या गैरसोयीतून निर्माण झाली आहे. १९९८ मध्ये अकोला जिल्ह्यातून वाशिम वेगळा झाला, त्यानंतर तिला अधिक धार आली. तथापि दक्षिणेकडील लोणारच्या नागरिकासही बुलढाणा जवळजवळ तेवढेच दूर आहे आणि खामगाव जिल्हा झाल्याने त्याचा प्रवास एका मैलानेही कमी होणार नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

मधल्या काळात काही कार्यालये खाली उतरली आहेत. खामगावास अपर पोलीस अधीक्षकांचे कार्यालय आहे, अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायालय आहे, सामान्य रुग्णालय आहे. सातबारा उतारा व अनेक दाखले आता ऑनलाईन मिळत असल्याने केवळ कागदासाठी घाट चढण्याची गरज कमी झाली आहे. सुनावणी, अपील, जिल्हा परिषदेतील सेवाविषयक प्रकरणे आणि दिव्यांगत्वाची तपासणी यांसाठी मात्र अद्याप प्रत्यक्ष जावे लागते. घाटाखालच्या सात तालुक्यांतील शिक्षकांची सेवापुस्तके व वैद्यकीय देयके यांची प्रकरणे महिन्यातून ठरावीक दिवशी खामगावच्या पंचायत समितीत बसून निकालात काढली, तर नवी इमारत न बांधता मोठा प्रश्न सुटू शकेल.

रेल्वेच्या बाबतीत बुलढाणा हे जिल्ह्याचे ठिकाण असूनही आजवर कोरडेच राहिले. शहरास रेल्वे स्थानक नाही; गाडी पकडण्यासाठी मलकापूर गाठावे लागते. खामगाव ते जालना या मार्गाची मागणी शतकाहून जुनी आहे. अलीकडे राज्य शासनाने तिच्या खर्चाचा निम्मा वाटा उचलण्याची तयारी दर्शविल्यामुळे आशा पुन्हा पल्लवित झाली आहे. नियोजित मार्ग चिखली व देऊळगाव राजा यांच्या बाजूने जातो. म्हणजे १८७० मध्ये कापसासाठी जलंबहून आलेला आठ मैलांचा फाटा पुढे घाट चढून मराठवाड्यास जोडला जाईल आणि खामगाव हे शेवटचे स्थानक न राहता वाटेवरचे होईल. बुलढाणेकरास त्या गाडीत बसण्यासाठी चिखलीपर्यंत जावे लागेल. मलकापूरच्या तुलनेत ते अंतर निम्मे आहे, आणि त्या वाटेत घाटही लागत नाही.